दोन दिवस वेळणेश्वरास

प्रवासाचा बेत आखण्यांत प्रवासाइतकेंच सुख असतें, असें म्हणतात. बेत आखणारांपुरतें तें खरें असेल. त्या बेताबरहुकूम ज्यांना दशम्या लाटावयाच्या, डबे भरावयाचे आणि मागें राहिलेल्या घराची किल्ली सांभाळावयाची असते, त्यांचें या बाबतींत काय मत आहे हें कोणीं विचारल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं असाच एक बेत आखला गेला, मोडला, आणि पुन्हां आखला गेला. त्यांतून दोनचार गोष्टी मी शिकलें. त्या वाचक भगिनींच्या, आणि त्यांच्या मार्फत घरांतील पुरुषमंडळींच्याही कानांवर घालाव्या, एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहें.

बेताचें मूळ परदेशांत होतें. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा दोन वर्षें नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें राहून परत आला, तो एक नवें वेड घेऊन. तिकडे शुक्रवारीं सायंकाळीं कचेरी सुटली कीं माणसें पाठीवर एक पिशवी टाकून आगगाडींत बसतात, शनिवार-रविवार भूमध्य समुद्राच्या कांठीं काढतात, आणि सोमवारीं सकाळीं पुन्हां कामावर हजर होतात. नीस नांवाच्या शहरीं तो स्वतः असा दोनतीनदां जाऊन आला होता. तेथील समुद्रकांठच्या प्रसिद्ध रस्त्याचें नांवच ‘इंग्रजांचा फिरावयाचा रस्ता’ असें आहे. हिवाळा काढावयास येणाऱ्या इंग्रज मंडळींनीं १८२० नंतरच्या कांहीं वर्षांत तो प्रथम आपल्या खर्चानें करविला. पुढें शंभरएक वर्षें समुद्रकांठचें हें सुख बहुतांशीं धनिकांचेंच राहिलें. १९३६ सालीं फ्रान्सच्या सरकारनें नोकरदारांना वर्षांतून दोन आठवडे भरपगारी रजा देणारा कायदा केला, तेव्हां कुठें सामान्य माणसांचीं कुटुंबें किनाऱ्यावर उतरूं लागलीं. हें सारें त्यानें रात्रीं पानावर बसल्या बसल्या मोठ्या रसाळपणें सांगितलें, आणि शेवटीं मजकडे वळून म्हणाला, “काकू, आपण असें कां करूं नये? आपलें तर कुळदैवतच समुद्राच्या कांठीं आहे!”

गोष्ट खरी होती. आमचें कुळदैवत वेळणेश्वर. रत्नागिरी जिल्ह्यांत, गुहागरच्या दक्षिणेस वीस-पंचवीस किलोमीटरांवर हा गांव आहे. वेलणकर, गोखले, गाडगीळ इत्यादि कित्येक चित्तपावन कुळें या देवाचीं. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांचें जन्मगांव कोतळूक हेंही याच गुहागर तालुक्यांतलें; १८६६ सालीं त्यांचा जन्म तेथें झाला. दोन्ही बाजूंना डोंगराचे हात, मध्यें अर्धचंद्राकार पुळण, पुळणीला लागून माडांची दाट राई, आणि देवळाच्या आवारांतून पांचपन्नास पावलें चाललें कीं पायाखालीं वाळू. असें असून आमच्या घरांतील कित्येकांनीं तो समुद्र मोटारीच्या खिडकींतूनच पाहिला होता. लग्न झालें कीं नव्या सुनेला घेऊन जावयाचें, अभिषेक करावयाचा, ओटी भरावयाची, आणि “घाट चढून जावयाचें आहे, आटपा आटपा” म्हणत परत फिरावयाचें, हा आमचा परिपाठ. देवाच्या दारीं आम्ही नेहमीं पाहुण्यासारखे गेलों, आणि तेही घाईच्या पाहुण्यासारखे.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं एक तक्ता तयार केला. शुक्रवारीं रात्रीं दहाला पुण्याहून प्रयाण. शनिवारीं सकाळीं सातला वेळणेश्वर. आठला दर्शन, नऊला न्याहारी, दहा ते बारा गुहागर, दुपारीं विश्रांति, चार ते सहा समुद्रस्नान. रविवारीं सकाळीं दहाला हेदवीची बामणघळ, बाराला भोजन, एकला परत. तक्ता पाहून आगगाडीच्या वेळापत्रकाचीच आठवण व्हावी. सात माणसांची मोटार ठरली आणि माणसांची यादी करण्याचें काम मजकडे आलें. मीं लिहिलें: थोरले भावजी, आमच्या घरचे, चिरंजीव, सूनबाई, त्यांचा चार वर्षांचा बाळ, माझी मुलगी, आणि मी. सातही जागा भरल्या. मामंजींचें वय शहाऐंशी. त्यांना आतां एवढा प्रवास झेपत नाहीं, तेव्हां त्यांच्याजवळ कोणी तरी पाहिजे, आणि तें कोणी तरी म्हणजे थोरल्या जाऊबाई, हें लिहावें लागलें नाहीं. तें आमच्या घरांत कधींच लिहावें लागत नाहीं. तीस वर्षें प्रत्येक बेतांत असेंच होत आलें आहे, आणि त्या दिवशीं माझ्या हातूनही तसेंच झालें. याबद्दल दुसऱ्या कोणास दोष द्यावयास मला जागा नाहीं.

यादी आणि तक्ता दोन्ही स्वयंपाकघरांतील फळीवर होतीं. जाऊबाई दह्याला विरजण लावून हात पुशीत आल्या, त्यांनीं चष्मा चढविला आणि तक्ता वाचला. मग विचारलें, “चार ते सहा समुद्रांत? त्या दिवशीं तिथि कोणती?”

“आई, एकादशी नाहीं,” मुलगा हंसत म्हणाला. “तुला कोणाच्या उपासाची काळजी नको.”

“मी उपासाचें विचारीत नाहीं रे. पाण्याचें विचारतें आहें.”

त्यांनीं भिंतीवरचें पंचांग उलगडलें. शनिवार शुद्ध पंचमीचा होता. “पांचाची पाऊणपट पावणेचार,” त्या म्हणाल्या. “पावणेचारला भरती पुरी होणार, आणि तुम्ही चारला पाण्यांत शिरणार, म्हणजे पाणी निघालें बाहेर कीं तुम्ही निघालां त्याच्याबरोबर. रविवारीं षष्ठी. साडेचारची भरती, म्हणजे दहा-साडेदहाला ऐन सुकती. त्या वेळीं बामणघळींत काय बघाल? खडक.”

आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. जाऊबाईंचें माहेर गुहागरकडचें, हें आम्हां सर्वांना ठाऊक होतें. तें माहेर त्यांच्या डोक्यांत अजून जागें आहे, हें मात्र ठाऊक नव्हतें. चिरंजीवांनीं मोबाईल काढून रत्नागिरीच्या किनाऱ्याचें भरतीचें वेळापत्रक पाहिलें. आईच्या हिशेबांत आणि त्यांत वीस-पंचवीस मिनिटांचें अंतर निघालें. तो म्हणाला, “तूं हें आधीं कां नाहीं सांगितलेंस?”

“मला कोणीं विचारलें?” जाऊबाई म्हणाल्या, आणि दह्याचें भांडें झांकावयास गेल्या.

हा हिशेब वाचक भगिनींनीं लिहून ठेवण्यासारखा आहे. पंधरवड्याची जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां, दिवसा आणि रात्रीं अशी दोनदां, पुरी भरती येते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळीं सहा व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती आणि दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस नियम एकच. यांत जादू कांहीं नाहीं. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनें येते, आणि चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो. म्हणून भरतीही रोज तितकीच मागें सरते. आपली तिथि म्हणजे तरी काय? सूर्य आणि चंद्र यांमधील अंतर बारा अंशांनीं वाढलें कीं एक तिथि होते. तीस तिथींत चोवीस तास वांटले तर प्रत्येकीच्या वांट्याला अठ्ठेचाळीस मिनिटें येतात, म्हणजे पाऊण तासाहून किंचित अधिक. इंग्रजी तारखेवरून समुद्राची वेळ सांगतां येत नाहीं. तिथीवरून सांगतां येते. कोंकणांतील खलाशी आणि कोळी हें पिढ्यान्पिढ्या जाणून आहेत. हिशेबांत अर्ध्यापाऊण तासाची चूक राहूं शकते, म्हणून छापील वेळापत्रकाशीं तो ताडून पाहावा. परंतु बेत आखावयास एवढें पुरे होतें.

मग नीसच्या किनाऱ्यावर चिरंजीवांना हा प्रश्न कसा पडला नाहीं? त्याचेंही कारण आहे. भूमध्य समुद्र चहूंबाजूंनीं जमिनीनें वेढलेला, आणि महासागराशीं त्याचा संबंध जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीपुरताच. व्हेनिससारखीं कांहीं ठिकाणें सोडलीं तर तेथें भरतीओहोटींतलें अंतर वीतभर-दीडवीत असावयाचें. तेथें सकाळीं जेथें सतरंजी अंथरावी तेथेंच ती सायंकाळपर्यंत कोरडी राहाते. घड्याळ पाहून समुद्रावर जावें, घड्याळ पाहून परत यावें. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशीं पाणी माणसाच्या उंचीहून अधिक चढतें आणि तितकेंच उतरतें. येथें समुद्राचें घड्याळ वेगळें आणि कचेरीचें घड्याळ वेगळें. परक्या किनाऱ्याचा तक्ता आपल्या किनाऱ्यावर लावला तर तो चुकावयाचाच.

रात्रीं जेवणें झाल्यावर तक्त्याची पुन्हां वाटाघाट सुरू झाली. जाऊबाईंनीं एकच दुरुस्ती सुचविली: आठ दिवस थांबा. पुढचा शनिवार शुद्ध द्वादशीचा होता. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळीं नऊला भरती, दुपारीं तीनच्या सुमारास ओहोटी, आणि त्यानंतर पाणी चढतें. चार ते साडेपांच मुलांनीं पाण्यांत खेळावें, पाणी त्यांना किनाऱ्याकडेच लोटील. रविवारीं त्रयोदशी, पावणेदहाला भरती, शिवाय पौर्णिमा जवळ म्हणून पाण्याला जोर. बामणघळ पाहावी ती अशा वेळीं. रात्रीं वाळूवर चांदणें मिळेल तें वेगळेंच. आणि रात्रींचा घाट नको. पहाटे पांचला निघालें तरी समुद्राची वेळ चुकत नाहीं, मग चालकाची झोंप कां मोडावी?

सारें अगदीं चपखल बसलें. कोणी “वा!” म्हणालें. आणि मग जरा शांतता झाली. कारण ज्यांनीं हें सारें बसवून दिलें त्यांचें नांव यादींत नव्हतें. मीं माझ्या नांवावर काट मारावयास पेन्सिल उचलली. तोंच थोरले भावजी म्हणाले, “तें राहूं द्या. अण्णांजवळ मी राहातों.”

“तुम्हांला चहा तरी करतां येतो का?” जाऊबाईंनीं विचारलें.

“आठ दिवस आहेत,” भावजी म्हणाले. “शिकतों.”

आणि ते खरोखरच शिकले. मऊ भात, मुगाचें वरण, मामंजींच्या औषधांच्या वेळा, दुधाचा हिशेब, देवपूजेची तयारी: आठ दिवस त्यांनीं एका वहींत टिपून घेतलें. सत्तरीच्या घरांतील गृहस्थ पहिलीच्या विद्यार्थ्यासारखा कुकरच्या शिट्या मोजीत बसलेला पाहून मुलांना हंसूं आवरेना. परंतु जाऊबाई हंसल्या नाहींत. त्या मला हळूच म्हणाल्या, “मला जावेंसें वाटत होतें, हें मलाही ठाऊक नव्हतें बघ.” सुट्टीचा कायदा सरकार करूं शकतें, गृहिणीला सुट्टी देणारें कलम मात्र घरालाच करावें लागतें, आणि तें करण्यासाठीं कोणाला तरी भात लावावयास शिकावें लागतें.

आतां ज्यांना जावयाचें असेल त्यांच्या सोयीसाठीं थोडी माहिती देतें. पुण्याहून सातारा-उंब्रज-पाटण-कोयनानगर असें जाऊन कुंभार्ली घाट उतरला कीं चिपळूण येतें. तेथून गुहागरच्या रस्त्यानें शृंगारतळीपर्यंत जाऊन पुढें वेळणेश्वर गांठतां येतें. मुलांबाळांसह, वाटेंत दोन ठिकाणीं थांबत, सातआठ तास धरावे. मुंबईकरांना कोंकण रेल्वेचें चिपळूण स्टेशन सोयीचें. ही रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू झाली. चिपळुणाहून एस. टी. किंवा भाड्याची मोटार करावी. गणपतीपुळ्याकडून येणारांनीं जयगड-तवसाळ ही शास्त्री नदीच्या खाडीवरील, आणि दापोलीकडून येणारांनीं दाभोळ-धोपावे ही वाशिष्ठीच्या खाडीवरील बोट धरावी. मोटारीसकट माणसें पलीकडे जातात, आणि मुलांना तर सबंध प्रवासांत त्याच अर्ध्या तासाचा आनंद अधिक होतो. जाऊबाईंचे वडील सांगत कीं पूर्वीं रस्ते धड नव्हते तेव्हां मुंबईहून आगबोटीनें दाभोळ किंवा जयगड गांठावयाचें, खोल पाण्यांत उभ्या राहिलेल्या बोटींतून पडावांत उतरावयाचें, आणि पावसाळ्यांत तर ती वाटही बंद. त्या मानानें आपले कष्ट कांहींच नव्हेत.

काळ कार्तिक ते माघ उत्तम. महाशिवरात्रीस यात्रा भरते. देवासाठीं जावयाचें तर तेव्हां जावें, निवांतपणासाठीं तेव्हां जाऊं नये. वैशाखांत आंबे असतात आणि घामही असतो. पावसाळ्यांत, म्हणजे जूनपासून सप्टेंबरअखेर, डोंगर हिरवेगार दिसतात; पण त्या दिवसांत समुद्र दुरूनच पाहावा, पाण्यांत पाऊल घालूं नये. या जिल्ह्यांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा याच चार महिन्यांत.

उतरावयास महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें निवासस्थान आहे, आणि गांवांत घरगुती सोयीही आहेत. आम्ही एका घरीं उतरलों. तेथेंही एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. निघण्यापूर्वीं चिरंजीवांनीं यजमानीणबाईंना दूरध्वनीवरून सांगावयाच्या पदार्थांची यादी केली होती: शनिवारीं रात्रीं उकडीचे मोदक, रविवारीं सकाळीं घावन आणि नारळाचा रस, दुपारीं पुरणपोळी. जाऊबाईंनीं यादी वाचून विचारलें, “सात माणसांचे मोदक किती?”

“पांच पांच धरले तर पस्तीस.”

“आणि पस्तीस मोदकांच्या कळ्या पाडणारे हात किती? त्यांच्या घरांतही कोणी जाऊबाई असेल, बाबा.”

यादी फाडली गेली. मोदक तेवढे एक वेळ सांगितले, आणि बाकी “त्या दिवशीं तुमच्या घरीं जें शिजेल तें” असें कळविलें. परिणामीं आम्हांला कुळथाचें पिठलें, तांदळाची भाकरी, अळूचें फदफदें, सोलकढी आणि मुरलेल्या कैरीचें लोणचें मिळालें. हें सारें मागून मिळण्यासारखें नव्हतें, कारण मागावें हें आम्हांला सुचलेंच नसतें. आपण चार दिवस आधीं संख्या कळवावी, जेवणाची वेळ सांगावी आणि ती पाळावी. मोठा बाजार जवळ नाहीं. ऐन वेळीं दोन माणसें वाढलीं तर त्या बाईला नारळ खवणीपासून सारें पुन्हां आरंभावें लागतें. पैशाचा जो आंकडा त्या सांगतील त्यांत घासाघीस करूं नये. आपली विश्रांति म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी कष्ट. ते कोणाचे, हें ठाऊक असलें म्हणजे मनुष्य पानांत टाकीत नाहीं.

समुद्राविषयीं दोन शब्द निक्षून लिहितें, कारण दर वर्षीं सुट्टीच्या दिवसांत कोंकणच्या किनाऱ्यांवर बुडण्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत पोहतां येणारींही असतात. ओहोटी लागली कीं पाण्यांत कमरेपलीकडे जाऊं नये. भरतीच्या वेळीं धोका कमी, परंतु नाहींसा होत नाहीं. कांहीं ठिकाणीं किनाऱ्यावर आलेलें पाणी एका पट्ट्यांतून जोरानें परत फिरतें, आणि तें भरतीओहोटी पाहात नाहीं. अशा ओढींत सांपडल्यास किनाऱ्याच्या दिशेनें झगडूं नये. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावें आणि ओढ संपल्यावर बाहेर यावें. पाण्यांत उतरण्यापूर्वीं गांवांतल्या माणसाला जागा विचारावी. “येथें नको, तिकडे जा,” असें तो म्हणाला तर त्याच्याशीं वाद घालूं नये. मुलांवर एकाच माणसाचें लक्ष असावें आणि तें कोणाचें हें आधीं ठरलेलें असावें. सगळ्यांचें लक्ष म्हणजे कोणाचेंच नव्हे. खडकावर चढून फोटो काढूं नयेत. आणि मोटार पुळणीवर नेऊं नये. ती रुतते, भरतीचें पाणी तिच्यासाठीं थांबत नाहीं. शिवाय गुहागरसारख्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत समुद्री कांसवें वाळूंत अंडीं घालतात, तीं चाकाखालीं चिरडतात.

आम्ही दुपारीं एकला पोंचलों. जेवून, जरा पडून, चारला पुळणीवर गेलों. ओहोटीनें वाळू दूरवर उघडी पडली होती आणि पाणी हळूहळू वर सरकत होतें. चार वर्षांच्या बाळाला जाऊबाईंनीं पाण्याच्या कडेशीं उभें केलें, आणि दर लाटेला दोन पावलें मागें यावयाचें एवढाच खेळ शिकविला. तासाभरांत समुद्रानें त्याला खेळवीत खेळवीत माडांपर्यंत आणून सोडलें. “पाण्याकडे पाठ करावयाची नाहीं,” एवढें एक वाक्य त्या पुन्हां पुन्हां सांगत होत्या. तें वाक्य अद्याप घरांत चालू आहे. बाळ नळाखालीं हात धुतांनाही तें म्हणतो.

रविवारीं पहाटे दर्शन झालें. देवळांत गर्दी नव्हती. कोणीही “आटपा” म्हणालें नाहीं. सव्वानऊला आम्ही हेदवीस पोंचलों. पेशवेकालीन देवळांतील दशभुज गणपतीचें दर्शन परततांना घेण्याचें ठरवून आधीं समुद्रावर गेलों, कारण देव थांबतो, भरती थांबत नाहीं. बामणघळ म्हणजे समुद्राकडे तोंड असलेली काळ्या खडकांतली एक अरुंद, लांब चीर. लाट तिच्या तोंडाशीं येते, आंत शिरते, पुढें वाट नाहींसें पाहून कोंडते, आणि मेघगर्जनेसारखा आवाज होऊन पाण्याचा स्तंभ दोनतीन पुरुष उंच उसळतो. आम्ही खडकाच्या कडेपासून चांगले दूर, कोरड्या जागीं उभे होतों. तरी तुषार अंगावर आले. चिरंजीव बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “आई, गेल्या रविवारीं आलों असतों तर येथें खरेंच कांहीं दिसलें नसतें.” जाऊबाई म्हणाल्या, “खडक दिसला असता. तोही वाईट नाहीं. पण लांबून आलेल्या माणसानें पाणी बघावें.”

एक गोष्ट सांगावयाची राहिली. शनिवारीं सायंकाळीं मुलें पाण्यांतून बाहेर आलीं तरी जाऊबाई वाळूवर तशाच बसून राहिल्या. द्वादशीचा चंद्र केव्हांच वर आला होता. सूनबाईनें त्यांना बोलवावयास जावें म्हणून पाऊल उचललें, तिला मीं थांबविलें. दोन तास त्या तेथें एकट्या होत्या. त्यांना चहा कोणीं मागितला नाहीं, किल्ली कोणीं विचारली नाहीं. त्या कसला विचार करीत होत्या हें मीं विचारलें नाहीं. आठच्या सुमारास घरून भावजींचा दूरध्वनि आला: मेतकुटाचा डबा कोणत्या फळीवर आहे? मीं सांगितलें कीं त्यांना आतां बोलावतां येत नाहीं, शोधा. पांच मिनिटांनीं पुन्हां दूरध्वनि आला. डबा सांपडला होता.

परत आल्यापासून आमच्या घरीं एक नवा नियम झाला आहे. कोणत्याही प्रवासाची यादी करतांना आधीं “घरीं कोण राहाणार” हें लिहावयाचें, आणि मागच्या वेळीं जें नांव तेथें होतें तें पुन्हां तेथें लिहावयाचें नाहीं. नियम लहान आहे, पण तो पाळतांना घरांतील बरीच कामें बऱ्याच जणांना शिकावीं लागतात, असा अनुभव येत आहे. वाचक भगिनींनीं आपापल्या घरीं तो करून पाहावा.

बाकी बेत चालूच आहेत. परवां मामंजींनीं मला खोलींत बोलावून विचारलें, “पुन्हां शनिवारीं द्वादशी केव्हां येते ग?” मीं म्हटलें, “बघून सांगतें.” तर ते म्हणाले, “नको, मीं बघून ठेवलें आहे. फक्त घाटांत मोटार हळू चालवावयास सांग.”